न उघडलेलं पाकीट

१

शुक्रवारी सकाळी अकरा वाजता आरोग्य खात्याच्या खरेदी कार्यालयात पहिली इलेक्ट्रॉनिक निविदा उघडली, आणि अकरा वाजून चार मिनिटांनी मागच्या रांगेतली एक बाई ताडकन उठून उभी राहिली.

"माझं पाकीट कुणीतरी फोडलंय," ती म्हणाली.

सभागृहात खसखस पिकली. पाकीट होतंच कुठे? वर्षभर सगळा खटाटोप चालला होता तो पाकिटांची पद्धत बंद करायलाच. आता पुरवठादारांनी आपले दर संगणकावर भरायचे, ते एका न दिसणाऱ्या तिजोरीत कुलूपबंद व्हायचे, आणि ठरल्या वेळी दोन अधिकाऱ्यांनी आपापली किल्ली लावली की तिजोरी सगळ्यांसमोर उघडायची. किल्ली म्हणजे बोटाएवढी, संगणकाला खोचायची वस्तू. सोबत ज्याचा त्याचा गुप्त पिन. लाखेची सील, पाकिटांचे गठ्ठे, सगळं इतिहासजमा.

निविदा होती काचपेट्यांची. दिवस भरण्याआधी जन्मलेल्या बाळांना ज्यात उबेला ठेवतात, त्या. सरकारी रुग्णालयात एकेका पेटीत दोन-दोन बाळं ठेवायची वेळ आली होती.

पडद्यावर चार दर होते. उभी राहिलेली बाई गावाबाहेर छोटा कारखाना चालवायची. तिचा दर दुसऱ्या नंबरवर होता. पहिल्या नंबरवर होता जुना पुरवठादार. गेली पंचवीस वर्षं खात्याला सगळं तोच पुरवत आला होता. त्याचा दर तिच्यापेक्षा पेटीमागे बरोब्बर एक रुपयाने कमी होता. शंभराने नाही, दहाने नाही, एकने. आणि तो भरला होता गुरुवारी दुपारी दोन पन्नासला, मुदत संपायला दहा मिनिटं असताना.

हसणारे आता पडद्यावरचे आकडे पुन्हा वाचू लागले.

प्रणाली बसवणाऱ्या कंपनीचा तरुण तंत्रज्ञ तिथेच होता. त्याने किल्ल्यांची अंतर्गत नोंद पहिल्यांदाच छापून काढली आणि त्याचा चेहरा पांढराफटक पडला. तिजोरी आधीच एकदा उघडली गेली होती. गुरुवारी, सात वाजून चाळीस मिनिटांनी, दोन्ही किल्ल्या लावून, दोन्ही पिन अचूक टाकून.

"अहो, पण मुदतीआधी ती उघडतेच कशी?" संचालक कडाडले.

"त्याचं वेगळं कुलूप आहे, सर," तंत्रज्ञ चाचरत म्हणाला. "ते पुढच्या टप्प्यात येणार होतं. तुम्हीच म्हणालात, उद्घाटनाची तारीख हलणार नाही."

दोन्ही किल्ल्या खरेदी अधिकाऱ्याच्या टेबलाच्या खणात असत. त्याच संध्याकाळी तो निलंबित झाला.

२

सोमवारी दक्षता विभागाची अधिकारी चौकशीला आली, तेव्हा तिला रस्ता विचारावा लागला नाही. याच इमारतीत ती एकोणिसाव्या वर्षी नोकरीला लागली होती. वडील नोकरीत असताना गेले, त्यांच्या जागी. पहिल्या दिवशी तिला टाचणीसुद्धा धड लावता येत नव्हती. ती लावायला शिकवली मास्तरांनी.

मास्तर म्हणजे आवक विभागाचे मुख्य लिपिक. शाळेत त्यांनी कधी शिकवलं नव्हतं, पण कार्यालयात जो येई तो त्यांच्याच हाताखाली तयार होई, म्हणून मास्तर. टिपण कसं लिहायचं, साहेबाला नाही कसं म्हणायचं, सही कुठे करायची आणि कुठे करायची नाही, हे सगळं त्यांचं. तिच्या लग्नात मुलीच्या बाजूने उभे राहिले ते मास्तर आणि काकू. बावीस वर्षांत ती मोठी अधिकारी झाली, पण आवक विभागाच्या दारात आली की आपोआप पदर सावरायची.

"आलीस पोरी? बस." मास्तरांनी खुर्ची पुसून दिली. "साहेबांना मीच म्हटलं, चौकशी करायची तर तिलाच बोलवा. दुसरा कुणी आला असता तर नुसता गोंधळ घातला असता."

"तुम्हाला काय वाटतं, मास्तर?"

"मला काय कळतंय त्यातलं? मला तो उंदीरसुद्धा धरता येत नाही हातात." त्यांनी टेबलावरच्या माऊसकडे हात केला. मग आवाज खाली आणला. "पण एक सांगतो. लेखी दिलंय शनिवारी, तरी तोंडी सांगतो. सांगवत नाही, पण तुझ्यापासून काय लपवायचं? गुरुवारी मी लवकर आलो होतो. साडेसात-पावणेआठला असेल. खरेदीच्या खोलीत दिवा दिसला म्हणून डोकावलो. तो बसला होता संगणकापुढे. दोन्ही किल्ल्या खोचलेल्या, त्यांचे हिरवे दिवे लागलेले. मला बघून दचकला. म्हणाला, तपासून बघतोय. मी म्हटलं, असेल."

बोलता बोलता त्यांचे डोळे भरून आले. "हुशार पोरगा गं. माझ्या हातून त्याचं वाटोळं व्हावं असं नव्हतं वाटत."

तिने मास्तरांचा हात दाबला. प्रकरण तिच्या लेखी तिथेच संपल्यासारखं होतं. फक्त रीत म्हणून बाकीच्यांना भेटायचं.

३

खरेदी अधिकारी कार्यालयामागच्या सरकारी घरात राहायचा. दार त्यानेच उघडलं. तीन दिवसांची दाढी, अंगात चुरगळलेला सदरा.

"गुरुवारी सकाळी साडेसातला कुठे होतात?" तिने सरळ विचारलं.

"फिरायला. रोज जातो. एकटाच." तो कसनुसं हसला. "साक्षीला कुत्रीसुद्धा नव्हती."

"मुख्य लिपिकांनी तुम्हाला पाहिलंय."

हे त्याला ठाऊक नसावं. तो मटकन खाली बसला. "मास्तरांनी? ते असं म्हणाले? बाई, अख्ख्या कार्यालयात मला मदत केली असेल तर एकट्या मास्तरांनी. बाकीचे तर संगणकावर काम करून पुन्हा तेच कागदावर उतरवून ठेवायचे. न जाणो, मशीन विसरलं तर! पाच दिवस प्रशिक्षण ठेवलं, तर पहिल्या दिवशी तीस जण आले, पाचव्या दिवशी चार."

"किल्ल्या तुमच्याच खणात का? एक लेखा अधिकाऱ्यांची ना?"

"त्यांनीच आणून दिली. म्हणाल्या, ही धोंड मला नको. माझ्या खणाला कुलूप होतं, पण जादा चावी आवक विभागाच्या फळीवर टांगलेली असते. सगळ्या टेबलांच्या असतात. कुणीही घ्यावी."

"आणि पिन?"

"माझा मलाच ठाऊक. कंपनीकडून बंद पाकिटात आला होता. मी स्वतः फोडलं, वाचलं, फाडून टाकलं. कुणाला सांगितलेला नाही, बायकोलाही नाही." तो थांबला. त्याला कळलं, आपण स्वतःच्याच गळ्यात फास अडकवतोय. तरी म्हणाला, "आता खोटं कशाला बोलू?"

निघताना तो दारापर्यंत आला. "निविदा रद्द होणार म्हणतात. पुन्हा कागदावर काढणार. म्हणजे पुन्हा तोच पुरवठादार. त्याच्या मागच्या काचपेट्या बघून या एकदा. आतला तापमापक सदतीस दाखवतो, आणि बाळ गार पडलेलं असतं. परिचारिका हाताने अंग चाचपून बघतात, ताई."

ती गेली रुग्णालयात. तपासाशी त्याचा काही संबंध नव्हता, पण गेली. परिचारिका एका पेटीच्या भोकातून हात घालून अंगठ्याएवढ्या पावलाला चाचपत होती. तापमापकावर तिने चिकटपट्टी लावून टाकली होती.

४

कारखानेवाली बाई यंत्राच्या आवाजात ओरडूनच बोलायची, ती सवय तिला शांततेतही सुटत नव्हती.

"चार महिने घासलेत आम्ही त्या दरावर! पत्रा कुठून, काच कुठून, सगळं मोजून. आणि तो एकने खाली येतो? एकने?"

"दर तुम्ही कुणाला सांगितला होता?"

"नवऱ्याला नाही सांगितला. त्याच्या पोटात काही राहत नाही."

"भरला कुणी?"

"भरला मीच. पण त्याआधी काय हाल झाले म्हणून सांगू! इथून भरायला बसले तर पान उघडायलाच अर्धा तास. उघडलं तर फाईल घेईना. बुधवार असा गेला. शेवटी गुरुवारी सकाळी रिक्षा करून तुमच्या कार्यालयात गेले. तिथे ते मदत कक्ष की काय ठेवलंय ना, तिथे कुणी नाही. रडायला आलं मला. तेवढ्यात ते म्हातारे मास्तर आले. भला माणूस हो! बसले, टकटक टकटक, फाईल बारीक केली, चढवली, दहा मिनिटांत काम फत्ते. दराच्या रकान्याशी आलो तर खुर्ची सोडून उठले आणि भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. म्हणाले, हे तू भर, मी बघायचं नसतं. अशी माणसं आहेत म्हणून चाललंय."

ऐकताना तिला मास्तरांचा अभिमान वाटला. वहीत तिने तसं लिहिलंही.

"पावती आहे?"

बाईंनी कागद पुढे केला. दर जमा झाल्याची वेळ छापलेली होती. गुरुवार, सकाळी अकरा पस्तीस.

ती कागदाकडे बघत राहिली. यंत्राचा आवाज एकाएकी दूर गेल्यासारखा झाला.

तिजोरी उघडली सात वाजून चाळीस मिनिटांनी. पण सात वाजून चाळीस मिनिटांनी या बाईचा दर तिजोरीत नव्हताच. मग जुन्या पुरवठादाराला तो कळला कसा?

५

"तू मला करून दाखव," तिने तंत्रज्ञाला सांगितलं. "सरावाची तिजोरी आहे ना? ती उघड. आत्ता, माझ्यासमोर."

भिंतीवरच्या घड्याळात चार वाजले होते. त्याने सरावाच्या दोन किल्ल्या लावल्या, पिन टाकले, तिजोरी उघडली.

"आता किल्ल्यांची नोंद छाप."

कागद यंत्रातून बाहेर आला. शेवटची ओळ होती: सकाळी दहा वाजून तीस मिनिटं.

तंत्रज्ञाने कागद घेतला, घड्याळाकडे पाहिलं, पुन्हा कागदाकडे पाहिलं. "अरे देवा," तो पुटपुटला. "आमचा मुख्य संगणक परदेशात आहे. तो तिकडचं घड्याळ पाळतो. साडेपाच तास मागे. पुरवठादारांच्या पावत्या आम्ही इकडच्या वेळेत बदलून देतो, पण ही आतली नोंद... ही कधी कुणी मागितलीच नव्हती, मॅडम. ती बदलायची राहून गेली."

"म्हणजे सात चाळीस नाही."

"नाही. दुपारी एक दहा."

एक दहा. जेवणाची सुट्टी. कारखानेवालीचा दर भरून दीड तास झालेला, मुदत संपायला दोन तास बाकी. सगळं चपखल बसत होतं. खरेदी अधिकारी त्या वेळी रुग्णालयात काचपेट्यांसाठी जागा मोजत होता. रुग्णालयात गेली तेव्हा तिथल्या नोंदवहीत त्याची सही तिने स्वतः पाहिली होती, बारा ते दोन. तंत्रज्ञ त्या दिवशी दुसऱ्या शहरात होता. लेखा अधिकारी बायकांच्या खोलीत पाच जणींबरोबर जेवत होत्या. एक निरपराध माणूस सुटला. तिला हायसं वाटायला हवं होतं.

ती जिन्यातच थांबली. 

सात चाळीसला तिजोरी कुणीच उघडली नव्हती. मग मास्तरांनी साडेसात-पावणेआठला काय पाहिलं?

म्हाताऱ्या माणसाची आठवण चुकते. वार चुकतो, तास चुकतो. तिने स्वतःला समजावून पाहिलं. पण कागद साडेपाच तासांनी चुकला होता, आणि मास्तरांची आठवण नेमकी तेवढीच, त्याच बाजूला चुकली होती. खऱ्या डोळ्यांनी पाहिलेलं असं कागदाला धरून चुकत नाही. जो कागद वाचून मग आठवतो, त्याचंच चुकतं. कागद निघाला शुक्रवारी. फाईलला लागला मास्तरांच्या हातून. जबाब लिहिला शनिवारी.

आणि ज्यांना माऊस धरता येत नव्हता, त्यांनी कारखानेवालीची फाईल बारीक करून दहा मिनिटांत चढवली होती.

६

तरीही पिनचा प्रश्न होताच. त्या एका प्रश्नाला तिने बुडत्यासारखं घट्ट धरलं. मास्तर दोन पिन आणणार कुठून? खरेदी अधिकाऱ्याने आपला कुणाला सांगितला नव्हता. राहिल्या लेखा अधिकारी. त्यांनी कुठे लिहून ठेवला असेल, कुणीतरी पाहिला असेल, कुणीतरी तिसराच माणूस असेल. असावा.

लेखा अधिकारी निवृत्तीला टेकल्या होत्या. प्रश्न ऐकताच त्या पदराने घाम टिपायला लागल्या.

"पिन कुठे लिहिला होता का, बाई? खरं सांगा. मी रागावणार नाही."

"लिहिला नाही."

"मग कुणाला सांगितलात?"

"सांगणार कुठून?" त्या रडकुंडीला आल्या. "मलाच माहीत नाही तर! तुम्ही साहेबांना सांगू नका हो. मला त्या मशीनची धडकी भरते. एखादं बटण चुकलं आणि सगळं उडून गेलं म्हणजे? शुक्रवारी सभागृहात मला पिन टाकायचा होता. कंपनीच्या त्या पोराला म्हणणार होते, ऐन वेळी तूच पाकीट फोड आणि टाक. सकाळी तसं म्हटलंही, तर तो बिचारा हसला. पण सभागृहात मी पाकीट न्यायलाच विसरले, मग त्याने फोनवरून दुसरा तात्पुरता पिन मागवला."

"कुठलं पाकीट?"

त्यांनी खणातून, जुन्या पंचांगवजा डायऱ्यांच्या खालून, एक लांबट पाकीट काढलं. कंपनीचा शिक्का. वर 'गोपनीय'. बंद.

"मी ते उघडलंच नाही हो," लेखा अधिकारी म्हणाल्या.

तिने पाकीट हातात घेतलं. गुरुवारी एक वाजून दहा मिनिटांनी यातला पिन कुणीतरी अचूक टाकला होता. आणि पाकीट बंद होतं.

ती खिडकीशी गेली. उजेडात तिने पाकिटाची जीभ तिरकी धरली. कारखान्यात लावलेल्या गोंदाची पांढरी, सरळ, दोऱ्यासारखी रेघ दिसत होती. आणि तिच्या अंगाला लागून आणखी एक. पिवळसर, थोडी जाड, हाताने ओढलेली. डिंकाची.

बाजारातल्या गोंदाच्या नळ्या आल्यालाही कार्यालयात पंधरा वर्षं झाली होती. अजून डिंक भिजवून बाटलीत भरणारा तिथे एकच माणूस होता.

आवक नोंदवही तिने मागवली नाही, स्वतः जाऊन पाहिली. पिनची दोन पाकिटं तीन तारखेला आली होती. वाटली गेली पाच तारखेला. आवक विभागापासून दोन्ही अधिकाऱ्यांच्या टेबलांपर्यंत अंतर पंचवीस पावलं होतं.

मग तिच्या मनात एक विचार आला, जो तिला येऊच द्यायचा नव्हता. बंद पाकीट उघडून, कुणालाही कळणार नाही असं पुन्हा चिकटवणं, हे काही साठीला आल्यावर एका दिवसात शिकता येत नाही.

७

दुसऱ्या दिवशी ती अभिलेख कक्षात गेली. जुन्या निविदांची पाकिटं वर्षावार गठ्ठ्यांत बांधलेली होती. नियमाने ती फेकता येत नाहीत. तिने उन्हाच्या तिरिपेत खुर्ची ओढली आणि एकेक गठ्ठा सोडला. दर वेळी पाकिटांवर लाखेची सील. लाख पुन्हा वितळवून लावलेली, पाकीट कडेने कापून उघडलेलं, म्हणून जीभ शाबूत. जिभेखाली कारखान्याची रेघ, आणि तिच्या शेजारी डिंकाची. जुन्या पुरवठादाराच्या पाकिटांवर नाही. फक्त इतरांच्या. या वर्षी, त्या वर्षी, दहा वर्षांपूर्वी, वीस वर्षांपूर्वी.

बावीस वर्षांपूर्वीच्या गठ्ठ्यावर तिचे हात थबकले. प्रत्येक पाकिटाच्या मागे लिहिलं होतं, 'सील तपासले, शाबूत आहे'. आणि खाली, गोल गोल, शाळकरी वळणाची एक सही.

तिची.

ती आवक विभागात गेली तेव्हा दुपारचे साडेतीन झाले होते. मास्तर एकटेच होते. तिने न उघडलेलं पाकीट त्यांच्यापुढे ठेवलं आणि बाजूला तिच्या सहीचं ते जुनं पाकीट. 

मास्तरांनी चष्मा लावला. दोन्ही पाकिटं पाहिली. ती उचललीसुद्धा नाहीत.

"कशावरून?" त्यांनी विचारलं. तिचं टिपण तपासताना विचारायचे, तसंच.

"कागद साडेपाच तास चुकला होता. तुम्हीही तेवढेच तास चुकलात."

मास्तरांनी मान हलवली, जणू तिने उदाहरण बरोबर सोडवलं होतं. "मला वाटलं, मशीनच आपल्या बाजूने झालं. मी एकला उघडली आणि ते साडेसात म्हणतंय. देवाने दिल्यासारखं. मोह आवरला नाही."

"त्या पोराला तुम्ही शिकवलंत, मास्तर. तो अजून तुमचं नाव घेतो."

"शिकवलं म्हणूनच ठाऊक होतं, तो सकाळी एकटा फिरतो." त्यांनी चष्मा काढला. "तुला नाही कळायचं. या खुर्चीत मी साधा लिपिक. पण मोटारीतून फिरणारी माणसं या टेबलाशी उभी राहून म्हणायची, मास्तर, बघा की जरा. मुलीचा दवाखाना उभा राहिला, घर झालं, ते तर आलंच. पण ते उभं राहणं! आणि मग ही तिजोरी आली. एका सकाळी माझ्या हातात काही उरलं नाही. मी पाचही दिवस प्रशिक्षणाला बसलो, पहिल्या बाकावर. माझ्या वयाचा दुसरा कुणी नव्हता."

"त्या पेट्यांत बाळं असतात."

त्यांनी टेबलावरची डिंकाची उघडी बाटली बाजूला सरकवली.

"मला का बोलावलंत?" तिने विचारलं. "साहेबांना माझंच नाव का सुचवलंत? दुसरा कुणी आला असता तर..."

"दुसऱ्या कुणी मला आधी विचारलं असतं, गुरुवारी दुपारी तुम्ही कुठे होता. तू विचारणार नव्हतीस."

खरंच तिने विचारलं नव्हतं. सगळ्यांना विचारलं होतं, त्यांना नाही.

"आणि समजा विचारलंसच," मास्तर शांतपणे पुढे म्हणाले, "तर त्या पाकिटांवर सही कुणाची आहे? दोन वर्षांची आहेत तुझ्या सहीची. पोरी, तू मला लिहिशील तर स्वतःला लिहिशील. तुझी पोरं लहान आहेत. फाईल बंद कर. निविदा रद्द होईल, दोन-चार वर्षांनी पोरगा परत येईल. नोकरी काही जात नाही त्याची."

ती एकोणीस वर्षांची असताना याच टेबलाशी उभी होती. हातात पाकिटांचा गठ्ठा. मास्तर, सील नीट तपासू का? आणि ते हसून म्हणाले होते, मी तपासलीत गं, तू सही कर, माझ्यावर विश्वास नाही का? तिला तेव्हा केवढं बरं वाटलं होतं. आपल्याला कुणीतरी आहे, असं.

"तेव्हाही तुम्ही मला एवढ्याचसाठी जवळ केलंत का?" तिने विचारलं.

मास्तरांनी तिच्याकडे पाहिलं. त्यांनी नाही म्हणायला हवं होतं. खोटं का होईना, तेवढं एकदा म्हणायला हवं होतं. त्यांनी डिंकाच्या बाटलीचं झाकण लावलं आणि म्हणाले, "नवीन होतीस. सही पटकन करायचीस."

तिने दोन्ही पाकिटं उचलली आणि बाहेर आली.

८

अहवाल तिने त्याच संध्याकाळी संचालकांच्या हातात दिला. सोबत वेगळा अर्ज जोडला: या प्रकरणात मी स्वतः साक्षीदार आहे, कदाचित त्याहून अधिक, चौकशी माझ्याकडून काढून घ्यावी. संचालकांनी तो दोनदा वाचला. "याची गरज आहे का?" त्यांनी विचारलं. ती म्हणाली, "आहे."

खरेदी अधिकारी तीन आठवड्यांनी कामावर परत आला. वेळेआधी उघडू न देणारं कुलूप आधी बसलं, मग निविदा पुन्हा निघाली. कारखानेवालीने या वेळी दर स्वतःच्या कारखान्यातून भरला, सात वेळा प्रयत्न करून, आणि काम तिलाच मिळालं. मास्तरांना निवृत्तीच्या पाच महिने आधी पोलीस घेऊन गेले. काकूंनी तिला एकच फोन केला.  बराच वेळ श्वास ऐकू येत राहिला आणि मग फोन ठेवल्याचा आवाज.

तिची पदोन्नती थांबली. तिला त्या दोन वर्षांच्या पाकिटांबद्दल जबाब द्यायला मुख्यालयात बोलावणं आलं. जबाब घेणारा अधिकारी तिच्यापेक्षा दहा वर्षांनी लहान होता. तो संगणकावर रकाने भरत होता. नाव, पद, नोकरीची वर्षं.

"आरोपीशी नातं?" त्याने विचारलं.

ती पडद्यावरच्या रिकाम्या रकान्याकडे बघत राहिली. तो थांबला, मग संकोचून म्हणाला, "रकाना रिकामा ठेवता येत नाही, मॅडम. प्रणाली पुढे जात नाही."

"लिहा," ती म्हणाली. "त्यांनी मला काम शिकवलं."

त्याने ते टाईप केलं. मग सवयीने, मान वर न करता, पुढचा प्रश्न विचारला.

"कोणतं काम?"

"तेच सांगायला आलेय," ती म्हणाली, आणि खुर्ची पुढे ओढून बसली.